ताईंची ओळ

मास्तरांचं बोट थांबलं. पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा थांबलं.

"ताई, आजाऱ्याला तेवीस चमचे औषध पाजायचंय का?"

ताई हसल्या. एकोणतीस वर्षं त्या ब्रेलची पानं ठोकत होत्या आणि दृष्टी नसलेले मास्तर ती बोटांनी तपासत होते. थट्टा केल्याशिवाय मास्तरांचा दिवस सरत नसे. पण आज मास्तर हसले नाहीत. ताईंनी छापील पुस्तक उघडलं. घरातल्या आजारी माणसाची देखभाल कशी करावी, याचं पुस्तक, शेवटचं प्रकरण. ओळीच्या टोकाला २, त्याला लागून जोडरेघ आणि खालच्या ओळीत ३ चमचे.

छापील ओळ संपताना शब्द तुटला की तिथे जोडरेघ येते. ब्रेलची ओळ वेगळ्याच ठिकाणी संपते, म्हणून ती रेघ गाळून शब्द सांधायचा. हे ताईंच्या हातात इतकं मुरलं होतं की हातानं ही खरी रेघही गिळून टाकली होती.

"आपलेच दात, आपलेच ओठ," त्या पुटपुटल्या. "पान पुन्हा करते."

"एका पानानं भागायचं नाही. ती ओळ काठोकाठ भरलीये. रेघ घातली की परिच्छेद एका ओळीनं वाढणार आणि तिथून शेवटपर्यंत सगळं खाली सरकणार." मास्तरांनी शेवटचं पान चाचपलं. "शेवटच्या पानावर एकच ओळ शिल्लक होती, ताई. तुमच्या नावाची."

पुस्तकात लेखकाचं नाव येई, छापखान्याचं येई. अक्षर न् अक्षर ठोकणाऱ्या बाईचं कधी आलं नव्हतं. निवृत्तीआधीच्या या पुस्तकात येऊ द्या, असं छापखान्याचे साहेब आपणहून म्हणाले होते. अट एकच, पान वाढता कामा नये. ताईंनी नाव पूर्ण घातलं होतं, मधलं वडिलांचं धरून. त्या दिवशी आनंदानं त्यांना जेवण गेलं नव्हतं.

मास्तरांनी आवाज खाली आणला. "एखादा लांबलचक शब्द तोडा ना. अर्धा वर, अर्धा खाली, टोकाला रेघ. नियमात बसतं, आणि एक ओळ कमी होते."

"मी शब्द तोडत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणून तर म्हणतोय. एकदाच."

ताईंच्या वडिलांची दृष्टी पन्नाशीत गेली आणि ते हट्टानं ब्रेल शिकले. बोट जाड, राठ. टोकाला अर्धा शब्द आला की खालची ओळ सापडेपर्यंत तो त्यांच्या हातून निसटायचा. मग ते मुकाट्यानं पुन्हा वर जायचे आणि म्हणायचे, "उशिरा शिकलो, चूक माझीच." चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून ताई टोकाला जागा रिकामी सोडत, पण शब्द अख्खा खाली नेत. हे पुस्तकही अशाच कुणाच्या तरी हातात पडणार होतं, आणि शेजारी आजारी माणूस असणार होतं.

त्यांनी मशीनमध्ये कागद सरकवला. मोह झाला नाही असं नाही. पुन्हा ठोकताना पाचव्या पानावर ओळीच्या टोकाला 'करणाऱ्यांनीसुद्धा' आलं, तेव्हा बोटं कळांवर घुटमळली. तोडलं असतं तर नाव राहत होतं. ताईंनी शब्द अख्खा खाली नेला.

दुपारी साहेबांनी शेवटचं पान पाहिलं. "नाव कुठे गेलं?"

"मावलं नाही."

"अहो, एक शब्द तोडायचा होता."

"नाही तोडला." लेकीचा पहिला नंबर सांगावा तसं त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पानं ओढून घेतली. दोन-तीन चमचे नीट तपासले. मग प्रत्येक पानावर ओळींच्या टोकांवरून बोट वरून खाली फिरवत गेले. बोट कुठेच अडलं नाही.

"तुमच्या वडिलांनी हे एका दमात वाचलं असतं," ते म्हणाले.

ताईंनी नुसती मान हलवली. एकोणतीस वर्षांत मास्तरांना त्यांनी असं, न दिसणारं उत्तर कधी दिलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "हो."