आरशावरचा टॅग

मुलांच्या कॉलेजची नावं गाडीच्या मागच्या काचेवर मिरवायची आपली हौस तुम्हाला ठाऊकच आहे. इथे अमेरिकेत, कॅरी गावच्या मराठी मंडळाच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारली की कुणाचं लेकरू कुठे लागलं ते कळतंच. श्रीरंगच्या घरातल्या गाड्यांच्या काचा मात्र कोऱ्या होत्या.

त्याच्या मुलीला, रुहीला, ॲन आर्बरच्या नावाजलेल्या, महागड्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता. पण श्रीरंगची नोकरी गेली आणि नवी मिळाली ती कमी पगाराची. तेव्हा रुहीनेच मार्ग काढला. दोन वर्षं घराजवळच्या, कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात शिकायचं, मग तिथले क्रेडिट्स घेऊन मोठ्या युनिव्हर्सिटीत जायचं. श्रीरंगला हे पटलं, पण घरापुरतंच. मंडळात कुणी विचारलं की तो म्हणे, "रुहीने गॅप इयर घेतलंय, कॉलेज पुढच्या वर्षी." रुहीची गाडी घेऊन मंडळात जायचं झालं, तर आरशाला लटकणारा कॉलेजचा पार्किंग टॅग काढून तो खिशात टाकी.

डिसेंबरमधल्या एका रविवारी तो टॅग त्याच्या जॅकेटमध्येच राहिला. सोमवारी रुहीची कॅल्क्युलसची फायनल होती. टॅग नाही म्हणून तिला कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये सोडलं नाही. लांब गाडी लावून ती धावत पोचली, तोवर परीक्षेचं दार बंद झालं होतं. कोर्स पुन्हा करावा लागणार होता, युनिव्हर्सिटी आणखी लांबली.

संध्याकाळी श्रीरंगने टॅग तिच्यासमोर ठेवला. "सॉरी बेटा, विसरलो."

"यू डिडन्ट फर्गेट, बाबा. यू हिड इट." रुही खोलीत निघून गेली.

त्याची बायको सुलेखा भांडी आवरत होती. ती म्हणाली, "आपल्याला झेपत नव्हतं म्हणून पोरीने वाट शोधली. कौतुक करणं राहिलं बाजूला, तू ती वाट लपवत फिरलास. ती शिकतेय की चोरी करतेय? आणि घाबरतोस कुणाला? तिची फी ते लोक भरणार आहेत का?"

 श्रीरंगला स्वतःचीच लाज वाटली.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला तो रुहीचीच गाडी घेऊन, टॅग न काढता गेला. रुही आली नाही. आता ती मंडळात येतच नसे.

"काय म्हणतंय रुहीचं गॅप इयर?" मंडळातल्या राजने विचारलं.

"गॅप इयर वगैरे काही नाही. ती कम्युनिटी कॉलेजात शिकते. मी खोटं बोलत होतो."

तिळगूळ देणारे हात जरा थबकले.  निघताना राज श्रीरंगजवळ गाडीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "यार, आमच्या जयची फीसुद्धा झेपत नाहीये. वर्षभर कुणाला विचारावं तेच कळेना. रुहीशी बोलू का?"

"जरूर बोल."

"पण प्लीज, कुणाला सांगू नकोस."

श्रीरंगला आपलाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

मित्रहो, परवडणारं शिक्षण आपल्या घराजवळच असतं. पण ज्याला ते सापडतं तो टॅग खिशात घालून फिरतो, आणि शेजारचा अंधारात चाचपडत राहतो. आपल्या मुलांनी शोधलेली वाट चारचौघांत मोठ्याने सांगा! रुहीचा पेपर बुडाला तो बुडालाच. निदान जयचं शिक्षण बुडू नये.