सोरेन हाल्वर्सनचा वेग

व्हर्जिल टॅकेटला माणसाचा रंग दिसत नाही. हे तो स्वतःच सांगतो, आणि कोणी विचारायच्या आधी सांगतो. विमानतळावर सांगतो, मोटेलच्या नाश्त्याला अंड्यावर मीठ टाकता टाकता सांगतो. "मला फक्त फुटबॉल दिसतो, बेझमोर." बेझमोर म्हणजे मी. मी काळा आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला इतरांपेक्षा जरा जास्तच येतं.

रंग दिसू नये म्हणून त्याने एक नेम धरला आहे. खेळाडूचा फोटो पाहायचा नाही, कॉलेजने छापलेलं माहितीपत्रक उघडायचं नाही. सामना पाहायचा, सामन्याची फिल्म पाहायची, आणि अहवाल लिहायचा. हेल्मेटच्या आत कोणाचं डोकं आहे, ते त्याला वसंतातल्या चाचणीच्या दिवशी कळतं. शाकाहारी माणसाने खाटकाच्या दुकानावरून जाताना मान वळवावी, तसा तो फोटोंपासून मान वळवतो.

आम्ही दोघं ओहायोतल्या एका क्लबचे पारखी. आमचा फुटबॉल अमेरिकन, म्हणजे हेल्मेट घालून हाताने फेकायचा. दर एप्रिलमध्ये देशातले सगळे क्लब कॉलेजातली पोरं पाळीपाळीने वाटून घेतात. त्याआधी आम्ही वर्षभर गावोगाव हिंडून त्यांची उंची, वजन, तळहाताची रुंदी मोजतो आणि त्यांना चड्डीवर पळवतो. बैलबाजारात दात बघतात, आम्ही तेवढे बघत नाही, कारण दातांचा विमा क्लबच काढतो.

या धंद्यात शब्दांचे दोन गल्ले आहेत. एका गल्ल्यात 'डोकेबाज', 'कष्टाळू', 'जन्मजात नेता', 'सरावाला सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो' अशी नाणी. दुसऱ्यात 'उपजत ताकद', 'बिनपैलूचा हिरा', 'देवाने दिलेले पाय'. पहिला गल्ला गोऱ्या पोरांसाठी उघडतो, दुसरा काळ्या पोरांसाठी. एखाद्याचं नाणं चुकून दुसऱ्याच्या हातात पडलंच, तर सगळे मिळून ते परत घेतात, आणि कोणाला वाईटही वाटत नाही. मी शाळेत क्वार्टरबॅक होतो, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाला हुकूम सोडणारा. कॉलेजात पोचलो त्याच दुपारी मला बचावफळीत उभं केलं. का, असं विचारलं, तर प्रशिक्षक म्हणाले, "अरे, तुझे पाय बघ की!" मी बघितले. आधी होते तेच होते.

तर नोव्हेंबरात व्हर्जिल नॉर्थ डकोटातल्या एका छोट्या कॉलेजचा सामना पाहून आला. बर्फ इतका पडत होता की पोरांनी मनगटापर्यंत बाह्या, हातमोजे, मानेला पट्टे आणि हेल्मेटला काळी काच असा सगळा जामानिमा केला होता. त्यात त्याला क्वार्टरबॅक सापडला. नाव सोरेन हाल्वर्सन, नॉर्वेहून आलेल्या गोऱ्यांत असतं तसं.

व्हर्जिलने लिहिलं, "हा प्रोफेसर आहे. बचावफळी काय करणार, हे तिला कळायच्या आधी याला कळतं. चेंडू वेळेवर सोडतो. पायात वेग नाही, पण डोकं पळतं. जन्मजात नेता. सरावाला सगळ्यात आधी येतो, सगळ्यात शेवटी जातो."

"सरावाला येताना-जाताना तू त्याला पाहिलंस?" मी विचारलं.

"चेंडू फेकण्यावरून कळतं रे ते."

आमचे बॉस डेल रुडनिक यांनी हाल्वर्सनच्या नावाची चुंबकी पट्टी भिंतीवर क्वार्टरबॅकच्या रांगेत लावली. चांगली वर लावली; पट्टी जितकी वर, तितकी निवड पक्की. मीही फिल्म पाहिली. व्हर्जिलचं म्हणणं खरं होतं. पोरगा खरोखर बुद्धिबळ खेळल्यासारखा खेळत होता, आणि पळायची वेळ आली की बुद्धिबळपटूसारखाच पळत होता.

मार्चमध्ये आम्ही दोघं त्याच्या चाचणीला गेलो. बाहेर अजून बर्फ होता, म्हणून चाचणी छप्पर असलेल्या मोठ्या हॉलमध्ये. सगळ्या क्लबांचे पारखी गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ घेऊन उभे. पोरं एकेक करून आत आली. त्यात एक उंच, शांत, काळा मुलगा होता. गोल काड्यांचा चष्मा त्याने पुसला, डबीत ठेवला, आणि डबी एका गोऱ्या बाईंकडे दिली.

"हा कोण? रिसीव्हर दिसतोय," व्हर्जिल म्हणाला. रिसीव्हर म्हणजे वाऱ्यासारखा पळून चेंडू झेलणारा.

"हा हाल्वर्सन," मी म्हणालो. माहितीपत्रकं मी उघडतो.

"हाल्वर्सनचा दोस्त?"

"हाल्वर्सन."

व्हर्जिलने मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. तेवढ्यात त्या बाई लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन आमच्याकडेच आल्या.

"मी सोरेनची आई. मी आणि त्याचे बाबा, दोघंही दातांचे डॉक्टर. सोरेन चार महिन्यांचा असताना आमच्याकडे दत्तक आला. घ्या ना, साखर बेताचीच घातलीय."

व्हर्जिलने वडी घेतली. "मला रंग दिसत नाही, मॅडम," तो म्हणाला.

"पिवळाच आहे," बाई म्हणाल्या. "लिंबू आहे ना."

मग धावण्याची पाळी आली. चाळीस यार्ड. आधी त्याच कॉलेजचा टकर ब्रँडिस धावला. हा गोरा, सोनेरी केसांचा, मक्याच्या शेतावर वाढलेला. घड्याळात आलं चार पूर्णांक अडतीस सेकंद. असा आकडा आला की पारखी लोक एरवी आनंदाने घरी फोन करतात. या वेळी सगळ्यांनी घड्याळं हलवून पाहिली.

"वारा पाठीशी होता," व्हर्जिल म्हणाला.

"हॉलमध्ये?"

"दार उघडं होतं."

मग सोरेन धावला. आम्ही त्याची वाट पाहत उभे राहिलो. मधेच एकाने शिंकून घेतलं. घड्याळात आलं पाच पूर्णांक एक, म्हणजे पुढच्या फळीतले तीनशे पौंडी पहिलवान जेवून उठल्यावर पळतात तेवढं. मी आसपास पाहिलं. सगळे पारखी मान डोलावत होते.

"घड्याळात दिसतो त्यापेक्षा पळतो वेगात," एक म्हणाला.

"स्फोटक आहे," दुसरा म्हणाला.

"पायांतली ती लवचीकता बघ," व्हर्जिल माझ्या कानाशी लागला. "हा रिसीव्हर आहे, बेझमोर. याला चुकीच्या जागी खेळवून त्याचं नुकसान करतायत रे."

मग तो सरळ मैदानात गेला. मीही मागोमाग गेलो. सोरेनने तोवर पन्नास-साठ चेंडू फेकले होते, आणि झेलणाऱ्याला पाऊलसुद्धा बदलावं लागलं नव्हतं. ते कोणी पाहिलं, कोणास ठाऊक.

"सोरेन, बाळा, एक-दोन चेंडू झेलून दाखवतोस का?"

"मिस्टर टॅकेट, मी फेकतो आणि समोरचा झेलतो. अशी आमची वाटणी आहे."

"नुसतं बघायचंय मला."

"सर, एक विचारू? गेल्या महिन्यात तीन क्लबांचे लोक येऊन गेले. तिघांनीही हेच बघितलं. मला चेंडू झेलता येत नाही. लहानपणी बेसबॉल नाकावर बसला, तेव्हापासून मी डोळे मिटतो. मला क्वार्टरबॅक म्हणून घ्या, नाहीतर नका घेऊ. मला दातांच्या कॉलेजात जागा मिळालीय. रिसीव्हर व्हायचं असेल तर मी दात काढीन."

हे तो रागाने बोलला नाही, हे मला जास्त लागलं. गिऱ्हाईक रोज तोच खोटा दोष काढतं, तेव्हा दुकानदार बोलतो तसा बोलला. आम्हीसुद्धा त्याला झेलायला लावलं, तर तो पोरगा खरोखर अक्कलदाढा उपटायला निघून जाणार, हे मला तिथेच कळलं. तरीही व्हर्जिलने चेंडू फेकलाच. सोरेनने डोळे मिटले. चेंडू छातीवर आपटून खाली पडला.

"हात कच्चे आहेत," व्हर्जिल म्हणाला. "शिकवता येतील."

परतीच्या वाटेवर गाडीत मी म्हटलं, "व्हर्जिल, तू त्याला प्रोफेसर म्हणाला होतास."

"प्रोफेसर आहेच. हुशार रिसीव्हर होईल."

"आणि टकर? तो खरा पळतो."

"टकर कष्टाळू आहे. वेग नाही त्याच्यात, जिद्द आहे."

"चार पूर्णांक अडतीस जिद्द?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत रंग आणतोस," व्हर्जिल म्हणाला, आणि त्याने रेडिओ लावला.

एप्रिलच्या आधी क्लबात मोठी बैठक बसते. सगळे पारखी, प्रशिक्षक, डोनटची खोकी, आणि समोर ती भिंत. व्हर्जिल उठला, भिंतीपाशी गेला आणि हाल्वर्सनच्या पट्टीवर हात ठेवला. पट्टी क्वार्टरबॅकच्या रांगेतून काढून रिसीव्हरच्या रांगेत, तीही तळाला, लावायची होती. तळाची पट्टी म्हणजे निवड नाही, हे खोलीतल्या डोनटलाही ठाऊक.

पण भिंतीचा एक कायदा आहे. पट्टी हलवायची असेल, तर तिच्यावर हात ठेवून, सगळ्यांदेखत सांगायचं, की आधीच्या अहवालानंतर मैदानावर नवं काय दिसलं. ऐकीव गोष्ट चालत नाही. तरुण पारखी चहाटळ गप्पा ऐकून मत बदलतात, म्हणून हा कायदा कोणे एके काळी खुद्द व्हर्जिलनेच करून घेतला होता, आणि त्याने या कायद्याने कित्येकांना भिंतीपाशी घाम फोडला होता.

रुडनिकसाहेबांनी डोनट खाली ठेवला. "सांग, व्हर्जिल. नवं काय दिसलं?"

"पायांत स्फोट आहे, बॉस."

"पाच पूर्णांक एक."

"ते घड्याळात."

"मग कशात बघायचं? कॅलेंडरात?"

खोली हसली. व्हर्जिल हसला नाही. "हात मोठे आहेत."

"झेलले किती?"

"एक," मी बसल्या जागेवरून म्हणालो. "छातीने."

"शिकवता येतं ते! बॉस, अहो, मी जन्मभर हे करतोय. मला शरीर बघून कळतं."

"नोव्हेंबरात तू लिहिलंस की याचं डोकं पळतं. आता डोकं थांबलं का?"

"नाही. डोकं आहे."

"चेंडू वेळेवर सोडत नाही?"

"सोडतो." व्हर्जिलच्या कपाळावर घाम आला होता. "परवाही सोडत होता. एकही चुकला नाही."

म्हणजे त्याने पाहिलं होतं. मला वाटलं होतं, पाहिलं नसेल.

"मग नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या पोरात बदललं काय?" मी विचारलं.

"हेल्मेट काढलं त्यानं! दुसरं काय बदलणार?"

तो हे माझ्यावर खेकसला. वाक्य तोंडातून निघालं, खोलीभर फिरलं आणि परत त्याच्याकडे आलं, तोवर कोणीही डोनट चावत नव्हतं. व्हर्जिल तसाच उभा राहिला, पट्टीवर हात ठेवून. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान.

"हे नवं धरायचं का, व्हर्जिल?" रुडनिकसाहेबांनी हळूच विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तेवढ्यापुरता मला तो माणूस आवडला.

व्हर्जिलने पट्टीवरचा हात काढला. पट्टी जराशी तिरकी झाली होती, ती त्याने नखाने सरळ केली, होती तिथेच. "नाही," तो म्हणाला, आणि जागेवर येऊन बसला.   टकरच्या पट्टीची पाळी आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "वेग आहे. लिहा. हॉलमध्ये वारा नव्हता."

निवडीच्या शेवटच्या दिवशी, पाचव्या फेरीत आमची पाळी आली, तेव्हा सोरेन हाल्वर्सन अजून शिल्लक होता. इतर क्लबांच्या भिंतींवर तो कुठल्या रांगेत होता, याचा अंदाज करायला प्रोफेसर लागत नाही. रुडनिकसाहेबांनी नाव दिलं. ज्याने खेळाडू आणला त्याने फोन करायचा, अशी आमच्याकडे रीत. व्हर्जिलने घसा साफ केला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"सोरेन, बाळा, तुझी निवड झाली."

 पलीकडून प्रश्न आला. "कुठल्या जागेवर, सर?"

व्हर्जिलने एकदा माझ्याकडे पाहिलं. "क्वार्टरबॅक. अरे, तुझे हात पाहिलेत मी. तुझ्याकडे चेंडू फेकायची माझी आता हिंमत नाही."

पलीकडे फोन बहुधा टेबलावर पडला. लांबून आवाज आला, "आई! फेकायचंय! झेलायचं नाही!" आणि मग दातांचे दोन डॉक्टर इतक्या जोरात ओरडले, की व्हर्जिलने फोनचा आवाज कमी केला.

कोपऱ्यातल्या टीव्हीवर तोवर आमच्या निवडीची बातमी लागली. टाय लावलेला जाणकार सांगत होता, "हाल्वर्सन म्हणजे बिनपैलूचा हिरा! उपजत पाय! मोकळ्या मैदानात याला पकडणं अशक्य, आणि माझ्या मते हा पुढेमागे रिसीव्हरच होईल."

व्हर्जिल खुर्चीतून उठला. "अरे गाढवा!" तो टीव्हीवर ओरडला. "पकडणं अशक्य? माझी सासू पकडेल त्याला! तो पळतच नाही! फिल्म बघितलीस का कधी? नुसता फोटो बघून बोलतोयस तू!"

मग तो आमच्याकडे वळला, दोन्ही हात पसरून, अगदी मनापासून दुखावलेला. "काय लोक आहेत रे," तो म्हणाला. "मी तर पहिल्याच दिवशी लिहिलं होतं."