जाकिटातला घास

शेंद्र्याची औद्योगिक वसाहत संपते तिथं जुनं गाव उरलंय, आणि गावाच्या कडेला एक पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये दहा-बारा बाया मांडी घालून अमेरिकेसाठी गोधड्या शिवायच्या. गोधड्या म्हणायचं नाही, जाकिटं म्हणायचं, असं सईताईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं बांधलेलं कापड, त्याला बाह्या लावल्या म्हणून काय त्याचं कूळ बदलतं? बाया आपल्या गोधडीच म्हणत.

सई म्हणजे शहरात क्रांती चौकाजवळ राहणाऱ्या अनंतरावांची लेक. न्यूयॉर्कला कपड्यांचं शिकायला गेली आणि तिथंच आपल्या नावाचा ब्रँड काढून बसली. पहिली काही वर्षं तिला कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग वारं फिरलं. कोरियाच्या, जपानच्या, व्हिएतनामच्या डिझायनरांचे कपडे तिथल्या मोठ्या दुकानांच्या काचेत दिसू लागले आणि त्या रांगेत सईलाही जागा मिळाली. गोधडीच्या जाकिटावर तिकडच्या बाया जीव टाकू लागल्या.

शेडची मुकादम होती दीपमाला. तिच्या सासरची जमीन वसाहतीत गेली होती आणि नवरा विश्वजीत त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकत होता. दीपमालानं चार वर्षं दुसऱ्यांच्या रानात खुरपं चालवलं होतं. आता गावातली पोरं तिला थट्टेनं का होईना, मॅडम म्हणत. ते तिला आवडायचं, आणि का आवडू नये? शेड गेली तर हातात पुन्हा खुरपंच येणार होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गोधडीची या गावात एक रीत आहे. शेवटचा कोपरा शिवून बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा इवलासा तुकडा ठेवायचा. गोधडीचं पोट भरायचं. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला सुखानं झोपू देत नाही, असं सगळ्या बाया मानत. सईला या रीतीचं फार कौतुक. मागल्या हिवाळ्यात ती कॅमेरावाल्याला घेऊन आली आणि दीपमालाच्या सासूला, सरूबाईला, घास ठेवताना टिपून गेली. तो व्हिडिओ अमेरिकेत लाखो लोकांनी पाहिला. त्यानंतरच गावोगावी शाखा असलेल्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर आली. चित्रीकरण आटोपून जाताना सई दीपमालाला बाजूला घेऊन म्हणाली होती, "ते फक्त दाखवण्यापुरतं हं, ताई. खऱ्या मालात अन्नाचा कणही नको."

दीपमालानं बायांना सांगितलं. पण सांगितलं म्हणजे कसं, तर चहा पिता पिता, हसत हसत. बायांनी माना डोलावल्या. लग्नात हुंडा नको म्हणणाऱ्या व्याह्यापुढं माणसं डोलावतात, तशा.

सरूबाईनं तर मानही डोलावली नाही. तिला मोतीबिंदू होता. दिवसाकाठी एखादा कोपरा तिच्या हातून व्हायचा, पण टाका कुठं ढिला पडला हे ती बोटानं सांगायची.

"तिकडं लई थंडी म्हणं," ती म्हणाली. "परक्या मुलखातली लेकरं ती. वळखीची ना पाळखीची. त्येंच्या अंगावर उपाशी पांघरूण घालायचं व्हय?"

दोन दिवसांनी दीपमालाच्या हातातल्या जाकिटाचा शेवटचा कोपरा आला, तेव्हा तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आपल्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून आत सरकवला. हे जाकीट घालून कुणीतरी बाई बर्फात बसची वाट बघत उभी असेल, असं तिच्या मनात आलं. एवढ्या लांबून आपण तिच्यासाठी दुसरं काय करणार? पुढच्या जाकिटातही तिनं घास ठेवला, आणि त्याच्या पुढच्याही. प्रत्येक बाईनं तेच केलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि सगळ्यांना माहीत होतं.

माल बोटीनं गेला. पोचायला फार दिवस लागले.

सईचा फोन आला तेव्हा दीपमाला शेडचं कुलूप काढत होती.

"पेट्या उघडल्या, ताई. किडे निघालेत."

"कसले किडे?"

"कोपऱ्याकोपऱ्यांतून. बुरशी, सोंडे, अळ्या. दुकानाच्या गोदामात पसरलेत. अख्खा माल जाळायला काढलाय त्यांनी." सईचा आवाज फाटला. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला? आमच्यासारख्यांना आत्ता कुठं दारातून आत घेतलंय. माझ्या शेजारी एका कोरियन मुलीचे कपडे लागलेत. आज तिनं मला विचारलं, आता माझाही माल उघडून बघतील का? काय सांगू तिला? एकीचं असं निघालं की तिकडचा माल असाच, म्हणतात हे लोक."

दीपमालानं उघडलेलं कुलूप पुन्हा कडीला अडकवलं.

"कुणी ठेवलं?" सईनं विचारलं. "मला नाव हवंय. एका बाईची चूक असेल तर तिला काढलं असं सांगून मी ऑर्डर वाचवू शकते कदाचित. सगळ्यांनीच केलं असेल तर ती आपली पद्धत ठरते. मग संपलंच."

समोरून बाया येत होत्या. सगळ्यांत मागं सरूबाई, साळूबाईच्या खांद्यावर हात ठेवून पाय चाचपडत टाकणारी.

"आत्याबाईंनी," दीपमाला सासूकडं बघत म्हणाली.

"एकट्यांनीच?"

"व्हय. वय झालंय त्येंचं. ऐकत नाय कुणाचं."

खोटं बोलायला तिला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. पुढं तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

त्या दिवसापासून सरूबाईला शेड बंद झाली. दीपमालानं सगळ्यांदेखत सांगितलं, आवाज चढवून, कारण खालच्या आवाजात तिला ते सांगताच आलं नसतं. "माझ्याच हातच्या जाकिटातनं निघालं?" एवढंच सरूबाईनं विचारलं. दीपमाला हो म्हणाली. बायांनी माना खाली घातल्या आणि सुया चालू ठेवल्या. जिला तिला आपलं नाव निघालं नाही याचाच आनंद होता. लाज वाटण्यासारखाच आनंद, पण पोटावर आलं की माणूस असाच वागतो. घरी सरूबाई भिंतीकडं तोंड करून बसायची. जेवायला बोलावलं तर म्हणायची, भूक नाय.

महिन्याभरानं अनंतराव गाडी घेऊन आले. एरवी सईची आई, पद्मजाकाकू, त्यांच्यासोबत बायांसाठी काहीबाही खाऊ पाठवायच्या. या खेपेला ते रिकाम्या हातानं आले आणि बराच वेळ उन्हाबद्दल बोलत राहिले.

"दुकानानं ऑर्डर रद्द केली," शेवटी ते म्हणाले. "सईनं खूप धडपड केली हो. आता ती दुसऱ्या देशात मशीनवर शिवून घेणार आहे. कापडावर लुगड्यांचे तुकडेसुद्धा छापतात म्हणे, टाक्यांसकट. ओळखू येत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "घास ठेवणाऱ्या आजींचा फोटो मात्र ठेवणार आहेत, कपड्याच्या लेबलावर. लोकांना तो फार आवडतो."

"पण मी नाव सांगितलं व्हतं की, काका," दीपमाला म्हणाली.

अनंतरावांना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी शेडची किल्ली मागून घेतली. म्हणजे नाव देऊनही काही वाचलं नव्हतं. सासूला बळी दिलं होतं आणि शेडही गेली होती.

ही बातमी सरूबाईच्या कानावर गेली तेव्हा ती उठली, तिनं तोंड धुतलं आणि डोक्यावर पदर घेतला. "मला समद्यांच्या घरी ने," ती सुनेला म्हणाली. "माझ्यापायी पोरींचं काम गेलं. हात जोडल्याबिगर मला अन्न जायचं नाय." दीपमालानं समजावून पाहिलं. म्हातारी ऐकेना.

पहिलं घर साळूबाईचं. सरूबाई तिच्या उंबऱ्यापाशी वाकली तशी साळूबाईनं तिचे हात धरले.

"आत्या, असं नका करू. मीबी ठेवला व्हता घास. समद्यांनीच ठेवला व्हता." आणि ती दीपमालाकडं बघत राहिली.

सरूबाईनं मान हलवली. "माझं मन राखाया बोलती तू." पण शब्द मनात कुठंतरी अडकला असावा, कारण ती वळली आणि धूसर डोळ्यांनी सुनेचा चेहरा शोधू लागली. "तू ठेवला व्हता का गं, दीपे?"

दारात ऊन होतं. दीपमालाचा एक शब्द पुरला असता.

"नाय, आत्याबाई," दीपमाला म्हणाली.

सरूबाईचा सगळा चेहरा सैल झाला. तिनं चाचपडत दीपमालाच्या गालावरून हात फिरवला. महिन्याभरात ती पहिल्यांदाच हसली.

"बरं झालं बाई. लई बरं झालं. मला वाटायचं, माझं बघून तूबी केलं असशील. तुझ्या हातनं नाय झालं, आता मला काय बी नाय वाटत." तिनं पदर सावरला. "चल, कडूबाईच्या घरी चल."

दीपमालानं तिचा दंड धरला आणि तिला पुढच्या दाराशी नेऊन उभं केलं, कारण सरूबाईला एकटीला वाट दिसत नव्हती.