पूर्ण नव्वद मिनिटं

फुटबॉल खेळणाऱ्यांच्या घरात लग्नं जूनमध्ये होतात. मेमध्ये मोसम संपतो, जुलैत सराव सुरू होतो. लग्न, बारसं, घर बदलणं, जे काही उरकायचं ते मधल्या दिवसांत उरकायचं. इंग्लंडातल्या थॉर्नक्लिफ गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. तरी केरी हॅलिवेलने आपलं लग्न मार्चमधल्या एका शनिवारी ठरवलं, तेव्हा तिच्या थोरल्या भावाने, डीनने, तिला विचारलं की हे काय डोकं चालवलंस.

"तू मेपर्यंत घरीच आहेस ना," केरी म्हणाली. "डॉक्टरच म्हणाले."

डीनने आपल्या पायाकडे पाहिलं. तो सोफ्यावर पडलेला होता आणि टाचेची शीर शिवलेला त्याचा डावा पाय दोन उशांवर ठेवलेला होता.

वडील गेल्यापासून एक गोष्ट ठरलेली होती की केरीचं लग्न होईल तेव्हा चर्चमध्ये तिचा हात धरून चालायचं ते डीनने. तिने ते दहाव्या वर्षी ठरवलं होतं आणि नंतर कधी बदललं नव्हतं. फक्त आता तिने त्यात एक भर घातली. रॉनी मामालाही सूट शिवायला सांगितला.

"मामाला कशाला?"

"राखीव," केरी म्हणाली. "तुझ्या बाबतीत राखीव लागतोच."

डीन एकतीस वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षी त्याला एका मोठ्या क्लबने घेतलं होतं. पहिल्या सहा सामन्यांत त्याने पाच गोल केले आणि सातव्या सामन्यात, आजूबाजूला कुणीही नसताना, त्याचा गुडघा फिरला. तिथून पुढची दहा वर्षं म्हणजे एक एक पायरी खाली उतरत गावच्या क्लबात परत येणं. मांडीचे स्नायू दोन्ही पायांचे ताणून झाले. जांघेची शस्त्रक्रिया झाली. एकदा गोल केल्यावर आनंदाने अंगावर पडलेल्या सोबत्यांनी त्याची बरगडी मोडली. एकदा व्यायामाच्या सायकलवरून उतरताना घोटा मुरगळला, आणि ती सायकल जागेवरून न हलणारी होती. वर्तमानपत्रात त्याच्या नावाआधी 'सतत जायबंदी असणारा' हे शब्द इतक्या वेळा आले की काही लोकांना ते त्याचं पहिलं नाव वाटत असावं. गावात त्याला कुणी 'कसा आहेस' असं विचारत नसे. 'आता काय?' असं विचारत.

त्याला याचा मनस्वी वैताग होता. लोकांना वाटे की तो नाजूक आहे, घाबरट आहे, ढोंग करतो. दुखणं खरं आहे हे दहा वर्षं सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं होतं, आणि ते दुखणंही कुणी खरं मानलं नसतं.

पण या वेळी टाच लवकर भरली. इतकी लवकर की क्लबची फिजिओ ट्रिश, जिने तीन वर्षं त्याचे पाय त्याच्या आईने पाहिले नसतील इतके पाहिले होते, तिने तपासून पुन्हा तपासलं.

"बरा आहेस," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात आनंदापेक्षा संशय जास्त होता.

क्लब तळाशी होता आणि खालच्या विभागात घसरायची वेळ आली होती. दोन आघाडीवाल्यांपैकी एक निलंबित होता, दुसरा अधिक पगारावर निघून गेला होता. व्यवस्थापक मकफेल, स्कॉटिश, साठीचा, चहाचा कप हातात नसला की अस्वस्थ होणारा. त्याने डीनला बोलावलं आणि सांगितलं की शनिवारी वेकशॉविरुद्ध तू सुरुवातीपासून खेळायचं.

"बॉस, शनिवारी माझ्या बहिणीचं लग्न आहे."

मकफेलने कप खाली ठेवला. "मार्चमध्ये?"

"मी जायबंदी असेन असं धरून ठरवलंय."

"हुशार आहे पोरगी," मकफेल म्हणाला. "किती वाजता?"

"दोन."

मकफेलचा चेहरा खुलला. वेकशॉ म्हणजे शेजारचं गाव, जुनं वैर. पोलिसांच्या सांगण्यावरून सामना दुपारी बाराला ठेवला होता, लोकांना पिऊन यायला वेळ मिळू नये म्हणून. "ट्रिश तुला तासाभराच्या वर खेळू देणार नाही. तासाला तुला बाहेर काढतो. सव्वाला अंघोळ, दीडला चर्च. शब्द देतो."

केरीला हे सांगायला डीन तिच्या घरी गेला. ती ओट्याशी उभी राहून पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या कापत होती.

"आणि खेळताना मोडलास तर?"

"मोडलो तर आणखी लवकर येईन."

"कुबड्या घेऊन."

"मग मामा आहेच की."

केरीने कात्री ठेवली. "हे बघ डीन. मला मामा नकोय. मामाला मी नुसतं तुला टोचायला सांगितलंय. तो मला फुलांच्या टोपलीवर पाडेल. मला तू हवायस. लंगडत आलास तरी चालेल, चाकाच्या खुर्चीत आलास तरी मी ढकलत नेईन. पण ये. पाद्रीबाबांना तीन वाजता दुसरं लग्न आहे, ते पाच मिनिटंसुद्धा थांबणार नाहीत."

"येतो म्हटलं ना."

"तू पुढच्या मोसमात वीस गोल करतो असंही म्हटलं होतंस."

शनिवारी त्याच्या आईने त्याचा सूट ड्रेसिंग रूममध्ये आणून खिळ्याला टांगला आणि सगळ्या संघाला बजावलं की याला हात पुसायचे नाहीत. चर्च मैदानापासून गाडीने पाच मिनिटांवर होतं. पूर्वेकडच्या स्टँडच्या छपरावरून त्याचा मनोरा दिसे. घड्याळ मात्र पलीकडच्या बाजूला होतं, म्हणजे मैदानावरच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

सामना सुरू झाला आणि पहिल्या वीस मिनिटांत थॉर्नक्लिफचा गोलरक्षक स्वतःच्याच बचावपटूवर आदळून बोट मोडून घेऊन बाहेर गेला. एक बदली खेळाडू खर्ची पडला. तीनच बदली करता येत. मध्यंतराच्या थोडं आधी उजव्या बाजूच्या बचावपटूचं डोकं फुटलं. त्याला स्ट्रेचरवरून नेईपर्यंत खेळ बराच वेळ थांबला. दुसरा गेला. मध्यंतरात मधल्या फळीतला पार्किन्सन संडासात जाऊन बसला आणि आतून सांगू लागला की सकाळचे शिंपले बाधले आहेत, माझ्याकडून आशा ठेवू नका.

मकफेल त्या बंद दाराकडे पाहत राहिला. मग त्याने डीनकडे पाहिलं.

"बॉस," डीन म्हणाला.

"मला दिसतंय."

"तुम्ही शब्द दिलाय."

"शब्द दिलाय, पण तिसरा बदली याच्या जागी जाणार, माणूस उरला नाही. याला असाच घेऊन जाऊ का मैदानावर?" दारामागून ओकल्याचा आवाज आला. "दहा जणांनी वेकशॉपुढे उभं राहायचं? आज हरलो तर गेलो खाली. तिकीटखिडकीवरच्या बायांपासून सगळ्यांचे पगार कापले जातील. तूच सांग."

डीनने सूटकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत संघात कुणाचं काही दुखलं तर ते त्याचंच दुखायचं. आज सगळ्यांना त्याचा रोग झाला होता आणि तो एकटा ठणठणीत होता.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला. गोल नव्हताच. चेंडू बहुतेक वेळ हवेत होता आणि खाली येई तेव्हा चिखलात रुतून बसे. तास उलटला. डीनने बाकाकडे पाहिलं. मकफेल जमिनीकडे पाहत होता. ट्रिशने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून खांदे उडवले. स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "डीन, बस खाली! तुझी वेळ झाली!" आसपासचे हसले.

ते हसणं विरलं, पण वाक्य डीनच्या डोक्यात राहिलं. बस खाली.

कुणाला शंका आली असती? अख्ख्या इंग्लंडमध्ये असा एकही माणूस नव्हता ज्याने डीन हॅलिवेलला मांडी धरून खाली बसलेलं पाहून 'खरंच?' असं विचारलं असतं. मकफेलने शिव्या दिल्या असत्या, पण नशिबाला. आई म्हणाली असती, माहीत होतं. आणि तो दोनच्या आधी चर्चच्या दारात उभा असता. दहा वर्षांत पहिल्यांदा या शरीराच्या बदनामीतून काहीतरी फायदा झाला असता.

पुढचा लांब चेंडू आला तेव्हा तो त्याच्यामागे चार पावलं धावला, ओरडला, मांडीच्या मागच्या बाजूला हात नेला आणि खाली बसला.

पंचाने शिटी वाजवली. ट्रिश पिशवी घेऊन धावत आली आणि चिखलात गुडघे टेकून बसली.

"कुठे?"

"मांडी. मागे."

तिने हात लावला. दाबून पाहिलं. थोडं वर, थोडं खाली. मग हात तसाच ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "डीन, तू ओरडलास."

"मग?"

"तू कधी ओरडत नाहीस. मोडतं तेव्हा तुझा आवाज बंद होतो." ती अजून मांडी चोळल्यासारखं करत होती. "मलाही निमंत्रण आहे. हिरवा ड्रेस घेतलाय खास. तू म्हणशील तर मी हात वर करते, नेते तुला बाहेर. कुणी मला काही विचारणार नाही. तू सांग."

तो सांगणारच होता. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

त्या टाळ्या त्याला पाठ होत्या. जायबंदी खेळाडूला द्यायच्या सभ्य टाळ्या, पण डीनच्या वाट्याला येताना त्यांत जीव नसे. सामन्याला जाताना छत्री घेतली आणि पाऊस आलाच, अशा माणसाने समाधानाने मान हलवावी तशा. गुडघ्याच्या वेळी, जांघेच्या वेळी, टाचेच्या वेळी त्या ऐकत तो बाहेर गेला होता. प्रत्येक वेळी दुखणं खरं होतं. प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं की त्या स्टँडसमोर जाऊन उभं राहावं आणि सांगावं की हे मी मुद्दाम करत नाही. समोरच्या रांगेतला एक माणूस तर टाळ्या वाजवता वाजवता शेजाऱ्याशी दुसरंच काही बोलत होता.

डीनला असा काही संताप आला की त्याला स्वतःलाच कळेना तो कुणाचा. खरी दुखणी होती तेवढी पुष्कळ होती. त्यांत एक खोटं घालून या लोकांना खरं ठरवण्याइतका तो उदार नव्हता.

"सोड," तो म्हणाला आणि उठला.

टाळ्या थांबल्या. स्टँडला काय करावं ते सुचलं नाही. मकफेलने कपाळावरचा हात काढला. ट्रिश पिशवी उचलून परत जाताना एकदा वळली.

डीन खेळला. फार चांगला नाही. एकदा गोलसमोर मोकळा सापडला आणि चेंडू स्टँडच्या छपरावर मारला. ते फुटलेलं डोकं आणि ते मोडलेलं बोट, त्यांच्यापायी वाया गेलेली दहा मिनिटं पंचाने मध्यंतराआधीच इमानदारीने जोडून दिली होती, आता शेवटी आणखी पाच जोडली. तो जोडलेला वेळ चालू असताना मनोऱ्यातल्या घंटेने दोनचे ठोके दिले. त्या क्षणी डीन कोपऱ्यात चेंडू पायाखाली धरून वेकशॉच्या दोन धटिंगणांना पाठीवर झेलत उभा होता. शून्य-शून्य. एक गुण मिळाला. लोक घरी जायला निघाले तेव्हा त्यातले बरेच जण सामना आताच विसरल्यासारखे दिसत होते.

सामन्याहून परतणाऱ्या गर्दीत अडकत अडकत तो चर्चपाशी पोचला तेव्हा दार उघडलेलं होतं आणि माणसं बाहेर येत होती. केस ओले, कानाच्या मागे चिखल, टाय खिशात. केरी पायऱ्यांवर नवऱ्याच्या शेजारी उभी होती. शिक्षकाची नोकरी करणारा, एड्रियन नावाचा सज्जन माणूस. मेव्हण्याला पाहून तो काळजीच्या सुरात म्हणाला, "आता काय?"

सगळे डीनच्या पायांकडे पाहू लागले. आईने कुणाला तरी खुर्ची आणायला पाठवलंसुद्धा. केरी झगा दोन्ही हातांनी उचलून चार पायऱ्या खाली आली. ती रागावलेली नव्हती. तिने राग आधीच आवरून ठेवलेला दिसत होता, काळजीसाठी जागा करून.

"कुठे लागलं?"

"कुठे नाही."

"सांग ना. टाच?"

"केरी, काही झालं नाही. बदली खेळाडू संपले. पूर्ण खेळलो."

"पूर्ण?"

"नव्वद मिनिटं. वर पंधरा."

तिने मनात हिशेब केला. काळजी चेहऱ्यावरून निघून गेली आणि मागे आवरून ठेवलेलं सगळं पुढे आलं.

"बसायचं होतंस," ती म्हणाली. "नुसतं मांडी धरून खाली बसायचं होतंस. तुझ्यावर कुणी संशय घेतला असता?"

"बसलो होतो."

"मग?"

"उठलो."

केरीने त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरं तर बरंच सांगायचं होतं, टाळ्यांचं, त्या पहिल्या रांगेतल्या माणसाचं. पण इथे पायऱ्यांवर ते अगदीच किरकोळ वाटलं असतं.

"आयुष्यभर," ती म्हणाली, "आयुष्यभर आम्ही तुझी दुखणी सांभाळली. माझा शाळेचा समारंभ तुझ्या गुडघ्यात गेला. आईचा साठावा वाढदिवस जांघेत. एकदा, फक्त एकदा मला ते उपयोगी पडणार होतं. आणि तू धडधाकट."

"हो."

"मामाने माझ्या झग्यावर पाय दिला. दोनदा."

"पडलीस?"

"त्याला धरूनच चालले. तो रडत होता."

कुणीतरी खुर्ची आणली. घरच्या प्रत्येक समारंभाच्या फोटोत डीन पुढे खुर्चीवर, पाय लांब करून बसलेला असे. फोटोवाल्यालाही तसंच सांगून ठेवलेलं होतं. त्याने खुर्ची पुढे मांडली.

"ती घेऊन जा," केरी त्याला म्हणाली. मग भावाकडे न पाहता तिने त्याच्या खिशातून टाय ओढून काढला, त्याच्या गळ्यात घातला आणि गाठ नको तितकी घट्ट आवळली. "आज उभाच राहा. माझ्या शेजारी. सगळे फोटो होईपर्यंत. आणि पाय दुखतो म्हणालास तर बघ."

"नाही म्हणत."

फोटोवाल्याने हात वर केला. डीनची पोटरी मघापासून आवळत चालली होती. तो सरळ उभा राहिला.