डबीवरचा चेहरा

बबीचा सगळा दिवस लोकांचे चेहरे साफ करण्यात जायचा. फोटो स्टुडिओत मागच्या टेबलाशी बसून ती संगणकावर कुणाचे मुरूम पुसायची, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. “जरा गुळगुळीत करा हं,” असं मुलींच्या आया सांगून जायच्या आणि ती मुकाट्याने करून द्यायची. तिच्या स्वतःच्या चेहऱ्याचं काम मात्र असं सोपं नव्हतं.

मुरूम पंधराव्या वर्षी आले. घरात प्रत्येकाकडे त्यावर उपाय होता, डॉक्टरकडे जायचं तेवढं कुणाला सुचलं नाही. काका म्हणाले, पोट साफ नाही. आजी म्हणाली, तोंड नीट धूत नाहीस. म्हणून बबी दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड घासू लागली आणि कातडी सोलून निघाली. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट लावायला लावली, वर लग्न झालं की आपोआप जातील असंही सांगितलं. मुरुमांना लग्नाची खबर कोण देणार, हे विचारायची सोय नव्हती.

शेवटी पार्लरवाल्या मावशीने बिननावाची पांढरी डबी हातात ठेवली. “माझं घरचं मलम आहे. औषधबिषध काही नाही. बिनधास्त लाव.”

पंधरा दिवसांत चेहरा नितळ झाला. चार महिन्यांनी तो लालबुंद झाला, उन्हात नुसती आग व्हायची, आणि एक दिवस मलम चुकलं की पुरळ दुपटीने यायचं. “आतली घाण बाहेर पडतेय, थांबवू नकोस,” मावशी म्हणाली. बबीने ऐकलं. आईची सख्खी बहीण, तिचं नाही ऐकायचं तर कुणाचं?

त्याच सुमारास आईने लाडाने बबीकडे तिचाच एक फोटो मागितला. घरात लावायला, छान करून. बबीने हसत हसत स्वतःचे डाग पुसले आणि फोटो दिला.

मग एका दुपारी एक कॉलेजची मुलगी ओळखपत्रासाठी फोटो काढायला आली. ओढणी गालापर्यंत ओढलेली. ओढणी काढली तर खाली बबीचाच लाल, सुजलेला चेहरा. बबीकडे टक लावून बघत तिने पर्समधून एक डबी काढली. झाकणावर बबीचा तो नितळ फोटो होता.

“ताई, ही तुम्हीच ना? तुम्हाला बघून तर मी घेतलं.”

बबीने तिला उद्या पुन्हा यायला सांगितलं. ती डबी घेऊन तडक पार्लरमध्ये गेली. मावशी बाहेर गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होती, म्हणून बबी पडदा सारून मागच्या खोलीत शिरली. तिथे आई बसली होती. समोर औषधाच्या ट्यूबांचा ढीग, आणि आई त्या पिळून मलम डब्यांत भरत होती. प्रत्येक ट्यूबवर लाल अक्षरांत छापलं होतं: यात स्टेरॉइड आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नये.

“तुला वाचता येतं ना, आई?”

आई ट्यूब पिळतच राहिली. “तुझ्या भल्यासाठीच केलं गं. कोण पसंत करणार होतं तुला त्या तोंडाने?”

“आणि माझा फोटो?”

“घरातलीच तर गोष्ट आहे.”

बबीला रडू आलं, पण तिथे ती रडली नाही. एक ट्यूब उचलून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घेऊन ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. ट्यूब बघून डॉक्टर चिडल्या. “मुरूम घाणीने येत नाहीत, आणि तुमचा काही दोष नाही. उपचार आहे, पण महिने लागतील. हे मलम मी सांगेन तसंच सोडायचं.”

संध्याकाळी स्टुडिओच्या काचेत दोन फोटो लागले. एक डबीवरचा. दुसरा त्याच दिवशी काढलेला, एकही डाग न पुसलेला. मधे ती ट्यूब चिकटवलेली आणि खाली बबीच्या अक्षरात लिहिलेलं: दोन्ही मीच. पहिला मी संगणकावर केला, दुसरा या मलमाने केला.

काचेपुढे मुली थांबू लागल्या. काहींनी तिथेच पर्समधून डब्या काढल्या.

आईचा रोजचा रस्ता स्टुडिओवरूनच जायचा. त्या दिवसापासून ती समोरच्या फुटपाथने जाऊ लागली.