छापील पत्राचं उत्तर

केसरीनाथांनी शब्दकोशात आठ महिने दाबून ठेवलेलं दोन पानी पत्र पिशवीतून काढलं आणि अतियाच्या टेबलावर पसरलं. कागदाच्या दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या होत्या. मालेगावहून फखरुद्दीननं पाठवलेलं. त्याला उत्तर गेलं नव्हतं.

तीस वर्षं दोघांची पत्रं चालली होती. फखरुद्दीन कापडाचे लूम घेऊन भिवंडी सोडून गेला तेव्हापासून. त्याचं अक्षर इतकं देखणं, की शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला असताना केसरीनाथ पाकिटंसुद्धा टाकून देत नसत. आणि मग हे आलं. छापील कागदाला उत्तर द्यायचं नसतं, अशी त्यांची समजूत. लग्नपत्रिकेला कोण उत्तर देतं? नोटिशीला?

आज, या कॉम्प्युटर क्लासच्या पायरीवरून तीनदा परतल्यावर, ते आत आले होते.

"एवढंच विचारायचं होतं. हे यंत्र अशी शंभर पत्रं काढतं ना? नुसती नावं बदलून?"

"काढतं की." शिकवणाऱ्या अतियानं पत्रावरून नजर फिरवली. "पण हे नाय तसलं, काका. यात तुमच्या गुडघ्याचं विचारलंय. शंभर जणांचे गुडघे दुखतात काय?"

"मग कारकुनाकडून करवलं असेल. सहीसुद्धा त्याची नाही. बघ, कशी वाकडीतिकडी."

अतियानं कागद खिडकीकडे धरला.

"डाव्या हाताची आहे," ती म्हणाली. "आमच्या अब्बांची अशीच येते आता. लूमच्या पट्ट्यात उजवा हात गेला ना, तेव्हापासून."

केसरीनाथांनी चष्मा पुसला. पहिली ओळ पुन्हा वाचली. 'मुलानं दुकानात कॉम्प्युटर घेतलाय. आता असंच लिहावं लागतं. हसू नकोस.' आठ महिने ते या ओळीला ऐट समजत होते.

"एका हातानं जमतं हे?"

"जमतं. टाइम लागतो. बसा ना, चावत नाय ते."

ते बसले. उजवा हात मांडीखाली घेतला आणि डाव्या हाताच्या एका बोटानं 'फ' शोधू लागले.

"दुसरा हात पण लावा की, काका."

"राहू दे."

जोडाक्षराला दोन-दोन बटणं लागत. एकदा अख्खी ओळ नाहीशी झाली. अतियानं ती परत आणून दिली. कुठून आणली ते मात्र त्यांना समजलं नाही. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं, तरी नाही. शेवटी प्रिंटर किरकिरला तेव्हा ते दचकून उठले, मग वाकून बघत राहिले. आतला ठोकळा मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे धावत होता आणि मागे अक्षरं विणली जात होती.

'फखरुद्दीन, हसलो नाही. उशीर झाला, चूक माझी. या चार ओळींना सव्वा तास लागला. तुला दोन पानांना किती लागला, ते कळव. गुडघा बरा आहे.'

खाली त्यांनी नेहमीसारखी सही केली. ती त्यांना फार सुबक वाटली. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले.

"अजून एक निघेल का गं?"

"शंभर निघतील."

दुसऱ्या प्रतीवर त्यांनी पेन डाव्या हातात धरलं.

टेमघर नाक्यावरच्या टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला, तरी ते थोडा वेळ तिथंच उभे होते.