एकतीस कोट

आमच्या मामाला आख्खी शाळा ‘ढेकरवीर’ म्हणून ओळखते, आणि त्याचं सगळं श्रेय माझं.

झालं असं, की गेल्या वर्षी मामाच्या छातीत दुखायला लागलं. घाम, धाप, सगळं साग्रसंगीत. ॲम्ब्युलन्स आली, बिल्डिंग जिन्यात गोळा झाली. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मामाने मामीला कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगितलं आणि शेजारच्या काकांना ‘चुकलंमाकलं पोटात घाला’ म्हणाला. हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि दीड तासाने मामाला असा काही ढेकर आला, की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठून बसला. गॅस! निव्वळ गॅस! संध्याकाळी स्वारी पायी पायी घरी.

त्याची मी एकपात्री नक्कल बसवली. तोवर वर्गात मला ‘मुंगी’ म्हणायचे, हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज दाराखालून सरकवल्यासारखा यायचा. त्या दिवशी स्टेजवर मी मामा झाले, मामी झाले, स्ट्रेचर झाले आणि शेवटी ढेकर झाले. हॉल नुसता दणाणला. पहिलं बक्षीस मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी ‘कर्णा’. आता बाई मला म्हणतात, "जरा हळू बोल, शेजारच्या वर्गालाही गणित शिकवायचंय."

आई मामाबरोबर पहिल्या रांगेत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. घरी येताना म्हणाली, "बाई गं! मला कधी काही झालं तर हिच्या कानावर जाऊ देऊ नका रे बाबांनो."

मामा हसला, मीही हसले. मी ते वाक्य तिथेच रस्त्यावर टाकून आले. आईने मात्र ते जपून ठेवलं होतं, हे मला परवाच्या शनिवारी कळलं.

आमची लाँड्री आहे. मागच्या बाजूला मामाची धुण्याची मशीनं आणि पुढे आईचं इस्त्रीचं टेबल. दोन गल्ल्या सोडून असलेल्या हॉस्पिटलातले डॉक्टरांचे पांढरे कोट आमच्याकडे येतात. प्रत्येक कोटाच्या कॉलरला नंबरची निळसर चिठ्ठी असते आणि इस्त्री झालेला कोट नंबराप्रमाणेच गठ्ठ्यावर चढतो. पहिला तळाशी, शेवटचा वर. यात आई कुणाचं ऐकत नाही. "सहा मिनिटांत एक कोट," ती ऐटीत सांगते, "मग आत मोठा डॉक्टर असो नाहीतर शिकाऊ." सोळा वर्षांत तिच्या हातून एक कापड जळलेलं नाही. मी जन्मले त्या सकाळीही तिने अकरा शर्ट केले होते, असं मामा सांगतो, आणि मामा फक्त ढेकराबद्दल खोटं बोलतो.

शनिवारी एक वाजता शाळेतून आले तर आई स्टुलावर बसली होती.

आमच्या दुकानात ते स्टूल गिऱ्हाइकांसाठी असतं. आईला त्यावर बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"काय मॅडम, संप का?" मी दप्तर भिरकावलं.

"दाढ दुखतेय गं." ती जबडा चोळत होती. "झाले, चारच कोट राहिलेत. चार वाजायच्या आत पाठवायचेत."

"उजवी की डावी?"

"डावी. खाली. म्हणजे सगळीच." मग उठली आणि इस्त्री उचलली. इस्त्री उचलताना तिने दुसऱ्या हाताचा आधार घेतला. कपाळावरून घाम ओघळत होता. आता लाँड्रीत घाम म्हणजे काय, भिंतींनासुद्धा सुटतो. मी लक्षच दिलं नाही. उलट म्हटलं, "दाढेला घाम फुटलेला पहिल्यांदाच बघतेय. नवा प्रयोग बसवू का?"

आई हसली नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पटकन पाठ केली.

मामा मागून ओल्या हातांनी आला. म्हणाला, "ताई, सकाळपासून तू दोनदा ओकलीस ना?"

"कुणी सांगितलं? एकदाच. सकाळचं काहीतरी बाधलं."

"सोडा आणू?"

"आण."

मामा जागचा हलला नाही. आईकडे बघत राहिला. त्याने तोंड उघडलं, मग माझ्याकडे एक नजर टाकली आणि मिटलं. आमचा मामा, ज्याला गप्प बसवायला लाइट जावे लागतात, तो न बोलता सोडा आणायला गेला. 

"तू गठ्ठा बांध," आई म्हणाली. "मी जरा बसते." इस्त्रीचं बटण तिने बंद केलं.

मी गठ्ठा उचलायला गेले. एका दमात उचलेना म्हणून अर्धा करायला मधे हात घातला, तर तळाजवळचा एक कोट बाकीच्यांसारखा बसलेला नव्हता. उलटा, आतली बाजू बाहेर करून घडी घातलेला. ओढला. पाठीवर, बरोबर मधोमध, इस्त्रीचा तपकिरी ठसा होता. टोकासकट. जणू कुणी इस्त्री टेकवली आणि तिथेच विसरून गेलं.

सोळा वर्षांत एकही नाही, आणि हा असा.

"आई, हे काय?"

"ठेव ते. मामाला दाखवू नकोस. डाग काढते मी नंतर."

"कधी झालं?"

"झालं. हातातून सुटली जरा."

मी तिच्याजवळ गेले आणि कपाळाला हात लावला. इस्त्री बंद होऊन पंधरा मिनिटं झाली होती, मशीनंही थांबली होती, दारातून वारा येत होता, तरी तिचा घाम थांबला नव्हता. आणि तो गार होता. नळाखालच्या फडक्यासारखा.

मी परत गठ्ठ्यापाशी गेले. जळक्या कोटाखाली नऊ होते. वरचे मोजायला लागले. आई म्हणाली, "काय मोजतेस?" मी मोजतच राहिले. एकतीस. एकतीस गुणिले सहा, एकशे शहाऐंशी. तीन तासांहून जास्त. जबडा, हात, उलटी, सगळं घेऊन तिने त्या एका कोटावर एकतीस कोट रचले होते.

"आई, हॉस्पिटलात चल."

"दाढेसाठी?"

"आई!"

"ओरडू नकोस." ती खूप हळू बोलली. "ॲम्ब्युलन्स येणार, जिन्यात सगळे उभे राहणार. मग मला एक ढेकर येणार. आणि तू..." तिने हसायचा प्रयत्न केला. "पुढच्या वर्षीचं बक्षीसही आपल्याच घरात."

 मामा सोड्याची बाटली धरून दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ताई, मी फोन करतो."

"अरे, तू पण?"

एवढंच. मामाचा हात खिशापर्यंत जाऊन खाली आला. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने? त्याच्या तोंडाला कुलूप मीच घातलं होतं, तेही टाळ्यांच्या गजरात.

मग मला एकच सुचलं. "बरं, नको ॲम्ब्युलन्स. कोट तरी पोचवू. मामा, टेम्पो काढ. आई, तू चल, नाहीतर तो हॉस्पिटलातला मोजणीवाला आमचं ऐकत नाही."

कोट म्हटल्यावर आई उठली. दोन पावलं टाकली आणि दाराची चौकट धरली. मामाने तिला जवळजवळ उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मी मागे, कोटांवर. चार मिनिटांचा रस्ता. आरशात मला तिचे ओठ दिसत होते, त्यांचा रंग कोटाच्या चिठ्ठीसारखा झाला होता.

आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या दाराला लागलो, कारण आम्हाला तेच दार माहीत होतं. सोळा वर्षं आई तिथूनच आत जायची, गठ्ठा देऊन बाहेर. मोजणीवाला चष्म्यावरून बघत म्हणाला, "एक्केचाळीसच? चार कमी आहेत."

आणि माझी आई, भिंतीला टेकून, त्याला समजवायला लागली! "भाऊ, चार राहिलेत, चारच्या आत..."

तेव्हा मी ओरडले. सहा महिने शाळेत कमावलेला सगळा आवाज काढून ओरडले, "माझ्या आईला बघा कुणीतरी!" कॉरिडॉरच्या टोकापर्यंत माणसं थांबली. सगळे आमच्याकडे बघत होते, आणि आईने पदराने तोंड झाकून घेतलं.

एक नर्स धावत आली, मागून चाकाची खुर्ची, मागून एक तरुण डॉक्टर. आईला आडवी केली, वायरी लावल्या. कागदाची पट्टी निघाली तसा डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला.

"दुखायला कधी लागलं, मावशी?"

"आत्ताच," आई म्हणाली. "अर्धा तास झाला असेल."

"नाही," मी म्हटलं.

"अगं, गप्प..."

"नाही!" मामाने खांद्यावरून आणलेला गठ्ठा मी बाजूच्या टेबलावर आपटला आणि जळका कोट ओढून काढला. "हे झालं तेव्हा. याच्यावर एकतीस कोट आहेत. एका कोटाला सहा मिनिटं, आणि शेवटी शेवटी तिला जास्त लागली असतील. वर इथे यायचा वेळ. दहाच्या सुमाराला सुरू झालंय."

डॉक्टरने ठशाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. हसला नाही. "साडेतीन तास," तो नर्सला म्हणाला आणि ते सगळे पळायलाच लागले. दारातून आत नेताना आईने मान वळवली. मला वाटलं काहीतरी सांगेल, किल्ली कुठे आहे वगैरे. ती एवढंच म्हणाली, "हळू बोल गं, लोक बघतात."

दार लागलं.

मी आणि मामा बाकावर बसलो. त्याच्या हातात अजून सोड्याची बाटली होती, न उघडलेली, आणि आमच्या मधे बाकावर तो जळका कोट. किती वेळ गेला ते मला कोटांत सांगता येईल, पण नको. मामा एकदाच बोलला. "मला सकाळीच कळलं होतं," तो म्हणाला. "मला माहितीये ना, कसं असतं ते." मग बाटलीचं लेबल नखाने खरवडत बसला.

दार उघडून डॉक्टर आला. तोच. "रक्तवाहिनी उघडलीय," तो म्हणाला. "पण मधल्या वेळात हृदयाचा जेवढा भाग गेला, तो गेला. दोन दिवस मी काहीच सांगणार नाही. तुम्हाला काही विचारायचंय?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. बोलायचं काम आता माझं असतं, घरात ठरलेलंच आहे. मी तोंड उघडलं तर मुंगीचा आवाज आला.

"काय म्हणालीस, बाळ?" डॉक्टर वाकला.

"कितव्या कोटाला आणलं असतं तर चाललं असतं?"

 तो बाकावरच्या त्या जळक्या कोटाकडे बघत राहिला, आणि मग त्याची नजर स्वतःच्या बाहीकडे गेली. खांद्यापासून मनगटापर्यंत गेलेल्या, आईच्या हातच्या, सरळ रेघेकडे.